शिक्का नंतर मारा, शब्द आधी वेचा: गोव्यातील मराठी आणि कोंकणी संस्थांना खुले पत्र

सन्माननीय पदाधिकारीहो,

गोव्यातल्या मराठी संस्था, कोंकणी संस्था, कोंकणीच्या रोमी (रोमन) लिपीसाठी झटणारी मंडळी, गावोगाव साहित्य संमेलने भरवणाऱ्या समित्या, अशा सर्वांना मिळून हे एकच पत्र लिहीत आहे. वेगवेगळी पत्रे लिहिली असती तर प्रत्येकाने ती आपापल्या बाजूची म्हणून वाचली असती. मला जे सांगायचे आहे ते एका बाजूचे नाही. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मराठी शिकवते. आमच्या वाड्यावर बोलतात ती मराठी की कोंकणी, हा प्रश्न शेतात, पाणवठ्यावर किंवा बायका धालो गातात त्या मांडावर कुणाला पडलेला मी ऐकला नाही. तो पडतो अर्ज भरताना आणि सभेत.

मागणी आधीच मांडते, म्हणजे पुढचे वाचताना ती डोळ्यांसमोर राहील. गोव्याच्या खाजनांत (बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेल्या जमिनींत), कुळागरांत (माड-पोफळीच्या बागांत), रानांत, मिठागरांवर आणि मांडांवर बोलले जाणारे शब्द, ते बोलणारी माणसे हयात आहेत तोवर, आपण सर्वांनी मिळून वेचावेत. वेचताना त्यांच्यावर मराठी किंवा कोंकणी असा शिक्का मारू नये. आणि ज्या कामात हे शब्द जगतात ते काम टिकावे म्हणून भाषेच्या संस्थांनी भाषेच्याच अधिकाराने बोलावे.

आपल्यापैकी काहींना वाटेल की यात घाई कसली. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांनी कोंकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतील कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या सरकारी वापराचीही त्यात तरतूद झाली. कोंकणी १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात गेली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. कागदावर पाहिले तर दोन्ही भाषा सुखरूप आहेत. पण जनगणना बोलणाऱ्यांची डोकी मोजते. त्या डोक्यात आजीच्या तोंडचे किती शब्द उरलेत, हे विचारणारा रकाना तिच्यात नाही. लहान भाषांच्या वाट्याला तर स्वतःचे नावही येत नाही. १९६१ च्या गणनेने १,६५२ मातृभाषांची नावे नोंदली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषा वेगळ्या दाखवणे बंद झाले आणि यादी एकदम शंभराच्या आसपास आली. मोठ्या भाषेच्या पोटातली बोली तर अशा कुठल्याच यादीत नसते. ती मेली तरी भाषेच्या आकड्यात एकही माणूस कमी होत नाही. काणकोणच्या वेळीपांची, फोंड्याच्या गावड्यांची, सत्तरीच्या गवळी-धनगरांची, खाजनकाठच्या मिठगावड्यांची बोली आज याच वाटेवर आहे. सुखरूप भाषांच्या आत तिचा अंत होतो आहे.

गोव्यात भाषेवर बंदी येऊन गेली आहे, म्हणून आपल्याला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी होती. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलायला लागावे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, हुकुमाने लग्नातली गाणी, चोळी-पुडवें हा पोशाख, अंगणातली तुळस, इतकेच काय, भात शिजवताना त्यात मीठ न घालण्याची रीतसुद्धा निषिद्ध ठरवली. माणसाचे मन त्याच्या बारीकसारीक रीतींत आणि त्या रीतींच्या नावांत असते, हे हुकूम काढणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. तरीही बोली गेली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की बांध घालणारा, नांगर धरणारा, मीठ काढणारा, माडावर चढणारा माणूस आपापल्या कामावर राहिला. माडाची सूर, म्हणजे ताडी, काढणाऱ्या रेंदेराला पोय (माडाचा तुरा), काती (कोयता) आणि दामणें (सुरेचे मडके) यांची नावे घेतल्यावाचून दिवस काढता येत नव्हता. फर्मान त्याच्या माडापर्यंत पोचले नाही. आज कुठलेही फर्मान नाही, मात्र ते कामच हातातून जाते आहे. माडावर चढणारा मिळत नाही, खाजन पडीक पडते आहे, मिठागरांची जागा बुजते आहे. काम गेले की त्याची नावे एका पिढीत जातात, आणि त्यासाठी कुणाला तुरुंगात घालावे लागत नाही.

खाजनाबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या. गोमंतकीय मन म्हणतात ते मला दुसऱ्या कशापेक्षाही तिथल्या बोलण्यात स्पष्ट दिसते. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठी १७ ते १८ हजार हेक्टर जमीन अशी आहे की जी भरतीच्या पाण्याहून सखल आहे. चिखल, चिरे, पेंढा आणि खारफुटीच्या फांद्या यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी ती खाऱ्या पाण्यातून सोडवली. या बांधाला ठरावीक ठिकाणी लाकडी दारांची मोरी असते, तिला मानस म्हणतात. सुकती लागली की आतले पाणी दार ढकलून नदीत जाते. भरती आली की नदीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. समुद्र स्वतःच आपल्यासाठी दार लावून घेतो, अशी ही रचना आहे. पावसाच्या गोड्या पाण्यावर भात, पाऊस सरल्यावर त्याच जागी मासळी, आणि जिथे सोयीचे तिथे मीठ, असे वर्ष चालते. समुद्राला कायमचे बाहेर ठेवायचा विचार यात नाही आणि त्याच्यापुढे हात टेकण्याचाही नाही. त्याला मापाने आत घ्यायचे असते.

या एका रचनेभोवती शब्द किती आहेत ते पाहा. भरती-सुकती रोजची, उधाण (जोराची भरती) आणि भांग (मंद भरती) पंधरवड्यांचे. बांध फुटला की खांड पडली. खारे पाणी सोसणारी भातजात कोरगुट, दुसरी आसगो. जमिनीची वर्गवारी पाण्यापासूनच्या उंचीवर: डोंगरउताराचे मोरड, मधले रेताड खेर, आणि तळाचे खाजन. ही वर्गवारी ज्यांनी केली त्यांनी जमिनीला पहिला प्रश्न ‘पाणी तुझ्यापर्यंत कसे येते’ हा विचारला. भाव किती, हा प्रश्न त्यांच्या शब्दांत नाही. आजच्या आराखड्यांत तीच जमीन वस्ती, बागायत, शेती अशा रंगांत येते. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९(अ) या कलमांवरून जमिनीचे हे रंग बदलण्याचा वाद गेली काही वर्षे गोव्यात पेटला आहे. त्यावर वकील बोलतात, पर्यावरणाचे कार्यकर्ते बोलतात, ग्रामसभा बोलतात. भाषेच्या संस्था गप्प असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. नकाशावरचा रंग बदलला की त्या जागेचे नाव खोटे पडते. जिथे भराव घातला तिथे मानस हा शब्द मुलाने कशासाठी शिकायचा? माझ्या वर्गातल्या मुलांना मानस म्हणजे मन एवढाच अर्थ माहीत आहे. तो अर्थही चांगलाच आहे, पण गोव्याच्या मुलाला दुसराही माहीत असायला हवा.

मानशीत मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. मासळीच्या हव्यासापोटी दारे अवेळी उघडी ठेवली जातात आणि खारे पाणी भातात शिरते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. हे भांडण पैशाचे आहेच. पण दार उघडण्याची वेळ भरती-सुकतीने ठरवायची की लिलाव घेणाऱ्याने, असा त्याचा गाभा आहे, आणि ‘सुकती’ हा शब्द ज्याच्या जिभेवर रोज येतो त्याला तो चटकन समजतो.

याच खाजनकाठी, भोमसारख्या गावांत, पौष अमावास्येला मांगे थापणी होते. गावडे समाजातली माणसे शेताच्या बांधाजवळ चिखलाची मोठी मगर घडवतात, शिंपल्या-काड्यांनी तिचे अंग सजवतात आणि तिची पूजा करतात. जवळच्या कुंभारजुवेच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत. त्या माणसाला धोक्याच्या आहेत, हे पूजा करणाऱ्यांना शहरातल्या माणसापेक्षा जास्त कळते. तरीही मगर त्यांना बांधाची राखणदार वाटते. राखणदार हा गोव्याच्या गावागावांतला शब्द. वेशीवर, डोंगरावर, भाटात (बागायतीत) कुणीतरी राखण करणारा आहे आणि त्याचा रोट, म्हणजे नैवेद्य, चुकवायचा नाही, अशी ही श्रद्धा. आपली त्यावर श्रद्धा असो वा नसो, त्या शब्दात जागेविषयीचा एक विचार आहे: ही जागा माझ्या ताब्यात असली तरी माझ्या एकट्याची नाही, माझ्या आधीपासून तिचा कुणीतरी धनी आहे.

सडा हा शब्द सिंधुदुर्ग-रत्नागिरीपासून मुरगावपर्यंत सगळीकडे आहे. जांभ्या दगडाचे हे उंच सपाट माळ उन्हाळ्यात उघडे-करपलेले दिसतात, म्हणून सरकारी दप्तरांत त्यांची गणना अनेकदा पडीक जमिनीत होते. सड्यावर गुरे चारणाऱ्याला विचारा. पावसाळ्यात तिथे फुलांचा आणि गवताचा गालिचा असतो, दगडाच्या खळग्यांत पाणी साठते, आणि सड्याने प्यालेले पाणीच पायथ्याच्या झरींना वर्षभर पुरते. खालच्या वाडीची विहीर आणि वरचा सडा यांचे नाते लोकांच्या बोलण्यात आहे. ‘पडीक’ या शब्दात ते नाही. सड्यावर काही बांधायचे ठरते तेव्हा कागदावरचा शब्द जिंकतो, कारण लोकांचा शब्द कागदावर कधी आलाच नव्हता.

रोयण म्हणजे वारूळ. गोव्याच्या कितीतरी गावांत सांतेर देवीचे मूळ रूप वारूळ आहे. सिंधुदुर्गात तीच सातेरी. पावसाळ्यात याच रोयणींवर अळमी (खाण्याच्या छत्र्या) उगवतात, आणि ती कुठल्या रोयणीवर कधी येतील हे सांगणाऱ्या बायका अजून आहेत. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते आणि तिच्यातून ही अळमी वर येतात, हे शास्त्राने सांगितले. रोयण मोडायची नाही, हे सांतेरीने आधीच सांगून ठेवले होते. एकाच मातीच्या ढिगात देवी, अन्न आणि जमिनीची सुपीकता बघणारी नजर त्या तीन अक्षरांत सापडते. आमच्या सत्तरीत बांबर गावची निरंकाराची राय (देवराई) आणि केरीची आजोबाची राय आजही उभी आहे. निरंकाराच्या रायीत पाणथळीत वाढणारी रानटी जायफळाच्या कुळातली झाडे आहेत, आणि असे पाणथळ जंगल आता फार दुर्मीळ आहे. त्या रानाला जंगल असे नाव असते तर ते कधीच तुटले असते. ते आजोबाचे होते म्हणून राहिले.

धालोही इथलेच. पौषातल्या थंडीत बायका मांडावर उतरतात, आधी धरित्रीला नमन करतात, मग गातात. मांड ही कुठलीही मोकळी जागा नव्हे. तिथे चपला घालून जात नाहीत, आणि रात्री संपल्या की तो विधीपूर्वक मोडावा लागतो. आता धालो मंचावर, ध्वनिक्षेपकासमोर, दहा मिनिटांत होतात. गाणी वाचतात याचा मला आनंदच आहे. पण मंचाला मांड म्हणता येत नाही, आणि ज्या मुली मंचावर शिकल्या त्यांना हा फरक सांगायला कुणीतरी हवे.

हे सगळे लिहिताना जुने ते सोने असा सूर लागू नये, याची मला काळजी आहे. शब्दांत अन्यायही जपलेला असतो. गावकरीच्या व्यवस्थेत गावची जमीन गावाची असे, गावकारांचे वांगड (कुळांचे गट) असत, आणि वर्षाच्या उत्पन्नातला वाटा जोण म्हणून मिळे. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाने पोर्तुगीज राजवटीसाठी या रीती लिहून काढल्या तेव्हाही ती व्यवस्था जुनीच होती. सामाईक मालकीचा किती सुंदर विचार! पण जोण पुरुषाला मिळे, बाईला नाही. आणि त्याच गावात भाटकार आणि मुंडकार हेही शब्द होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर खोपटे बांधून राहणाऱ्या मुंडकाराला घरातून हुसकावता येऊ नये म्हणून १९७५ मध्ये कायदा करावा लागला. शब्द वेचताना मुंडकार वगळून राखणदार तेवढा उचलला, तर आपण गोव्याचे एक गोड चित्र रंगवू. जातीवरून हिणवणारे शब्द, बाईला गप्प बसवणारे शब्द, वेठीचे शब्द, सगळे नोंदवले पाहिजेत. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बोलीला गावठी म्हणून हसणारे लोक मात्र आजही आपल्या संमेलनांत पहिल्या रांगेत बसलेले असतात, हे आपल्याला दिसत नाही का?

आणखी एका गोष्टीपासून सावध राहू या. एखाद्या दूरच्या भाषेतला सुंदर, अनुवाद न होणारा शब्द काढायचा, चित्रावर छापायचा, आणि म्हणायचे की पाहा, हे लोक जगाकडे किती वेगळे बघतात. एस्किमोंच्या बर्फासाठीच्या शेकडो शब्दांची कथा अशीच वाढली. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये चार शब्द दिले होते, पुढे सांगणाऱ्यांनी आकडा फुगवत नेला. एखादा शब्द भाषेत नाही म्हणून तो विचार त्या माणसाला सुचत नाही, असेही नाही. एकटा शब्द फार थोडे सांगतो. सांगते ते शब्दांचे आपसातले नाते: कशाला वेगळे नाव द्यायची गरज पडली, कोणती नावे जोडीने येतात, व्याकरण कशाला महत्त्व देते.

अंदमानचे उदाहरण घ्या. २६ जानेवारी २०१० रोजी बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि बो भाषा बोलणारे कुणी उरले नाही. प्रा. अन्विता अब्बी यांनी तिच्याजवळ बसून ती भाषा नोंदवली होती. ग्रेट अंदमानी भाषांच्या व्याकरणाचा पायाच माणसाचे शरीर आहे, हे त्यांनी दाखवले. शरीराचे सात विभाग कल्पून त्यांचे उपसर्ग नामांनाच नव्हे तर क्रियापदांना आणि विशेषणांनाही लागतात. वस्तूंची, कृतींची, जागांची जुळणी अंगाच्या भागांवरून होते. बोआबाईंच्या बरोबर एक शब्दकोश गेला म्हणणे अपुरे आहे. जग मांडण्याची एक रीत गेली.

आपल्या शेजारीही असे आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या परिसरात निहाली बोलणारे काही हजार लोक आहेत. ही भाषा कुठल्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. तिचे दोन ते चार हे अंक द्राविडी वळणाचे, पाचापासून पुढचे आर्य भाषांचे. तो समाज कुणाकुणाच्या बाजारात उभा राहिला याचा इतिहास त्या मोजणीत उरला आहे. रायगडात चौलजवळ कोर्लई येथे ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, या नावाची पोर्तुगीजातून जन्मलेली बोली आहे. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखे. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. ही बोली ज्यांनी राखली ते शेतकरी आणि मासेमार होते.

आता कामाचे बोलते. नवी संस्था, नवे भवन, नवा पुरस्कार यांपैकी काही मी मागत नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. गोव्यात १९१ पंचायती आहेत. गावातली झाडे, भातजाती, मासे, पाणवठे, त्यांचे उपयोग आणि स्थानिक नावे यांची ही नोंद. तिच्यात नाव घालायची जागा आहेच, पण नाव सांगणारा आणि लिहिणारा यांच्यामध्ये भाषा जाणणारा माणूस नसतो. तिथे आपले कार्यकर्ते बसवा. ग्रामसभेत ही नोंदवही वाचून दाखवायची मागणी करा, बोलीतल्या उच्चाराप्रमाणे. खाजन, मोरड, सडा, राय ही नावे तिच्यात जागेसकट आली, तर उद्या जमिनीच्या सुनावणीत गावाला हातात धरायला एक कागद मिळेल.

शब्द अकारविल्हे नको, कामाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे वेचा. बांध दुरुस्तीच्या वेळी बांधावर जा, काजूच्या दिवसांत भाटीवर (दारू गाळण्याच्या जागी) जा, पौषात मांडावर जा. खुर्चीवर बसवून ‘तुमचे जुने शब्द सांगा’ म्हटले की म्हातारी माणसे गोंधळतात. हात कामाला लागले की जीभ सुटते. आवाज नोंदवून ठेवा, कारण कोंकणीतले नाकातले स्वर आणि सत्तरीचे हेल आपल्या लेखणीत उतरत नाहीत. सांगणाऱ्याची परवानगी घ्या, दिवसाची मजुरी बुडाली तर ती द्या, आणि नोंदीची एक प्रत त्याच गावाच्या शाळेत ठेवा. सासष्टी आणि तिसवाडी या तालुक्यांना विसरू नका. रायच्या किंवा ताळगावच्या कणसांच्या फेस्तात नव्या भाताच्या लोंब्या कापून आशीर्वाद घेणारा ख्रिस्ती गावकार आणि आमच्याकडे नवे बांधणारा हिंदू शेतकरी एकाच धान्याला एकाच वेळी मान देतात. तिथले शब्द रोमी लिपीत लिहून आले तर तसेच घ्या.

प्रत्येक नोंदीपुढचा भाषेचा रकाना कोरा ठेवा, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती. मला ठाऊक आहे की घोडे इथेच पेंड खाईल. हा शब्द मूळचा कुणाचा यावर आपली पहिली बैठक मोडू शकते. पण आपल्याच इतिहासात याची तोड आहे. फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्यांनीच रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राचोलला छापले. परक्या मुलखातून आलेल्या एका माणसाला दोन्ही कामे करताना अडचण आली नाही. आसगावचे मोन्सिन्योर दालगाद यांनी १८९३ मध्ये मुंबईत कोंकणी-पोर्तुगीज कोश छापला, त्यात कोंकणी शब्द देवनागरीत दिले. त्या दोघांनी आधी वेचले, वाद मागून आले. संशोधकांना व्युत्पत्ती लावायला पुढची शंभर वर्षे आहेत. सांगणाऱ्या आजीला तेवढी नाहीत.

शाळांविषयी थोडेच लिहिते, कारण माध्यमाच्या प्रश्नावर २०११ पासून आपण सर्वजण पुष्कळ बोललो आहोत. उत्तरपत्रिकेत ओहोटीऐवजी सुकती लिहिले म्हणून एका मुलाचे गुण कापलेले मी पाहिले आहेत. खाजनकाठचा मुलगा, आणि समुद्राविषयीच्या प्रश्नात त्याचाच शब्द चूक! मराठी असो वा कोंकणी, स्थानिक शब्द उत्तरात ग्राह्य धरावा, एवढे एक परिपत्रक निघावे म्हणून आपण एकत्र निवेदन द्या. त्याला पैसा लागत नाही.

आणि बांधांसाठी बोला. खांड पडली आणि महिनोन्महिने बुजली नाही, तर त्या गावच्या शेतकऱ्यांबरोबर भाषेच्या संस्थेचाही प्रतिनिधी निवेदन घेऊन उभा राहिला पाहिजे. पाटबंधाऱ्याचा अधिकारी विचारेल की तुमचा काय संबंध. तेव्हा त्याला मानस, मोरड, कोरगुट, मांगे थापणी यांची यादी द्या, आणि सांगा की हे सगळे या बांधाच्या आत राहते.

आपल्या संस्थांच्या वार्षिक सभा वेगवेगळ्या तारखांना होतात, म्हणून एका बैठकीचा प्रस्ताव मीच मांडते. पौष लागण्याआधी, सोयीच्या रविवारी, प्रत्येक संस्थेने दोन माणसे पाठवावीत. त्यांतले एक तरी गावडा, वेळीप, कुणबी, धनगर किंवा मिठगावडे समाजातले असावे, आणि त्याने पाहुणा म्हणून नव्हे तर काम ठरवणारा म्हणून बसावे. पहिल्या वर्षी तीन गावे पुरेत: एक खाजनकाठचे, एक काणकोणचे डोंगरातले, एक सत्तरीतले. सत्तरीतल्या गावाची जबाबदारी मी आणि माझ्या शाळेतल्या सहकारी शिक्षिका घेतो. कोणत्या वाड्यावर कोण अजून रणमाल्यातली (सत्तरीच्या लोकनाट्यातली) जुनी पदे म्हणते, कोणाला पाटाच्या पाण्याच्या पाळ्या तोंडपाठ आहेत, याची माहिती आमच्याकडे आहे. बाकीच्या दोन गावांसाठी नावे सुचवावीत. होकार कळवलात की बैठकीच्या जागेची आणि जेवणाची व्यवस्था आम्ही करू.

आपली,
एक मराठी शिक्षिका
वाळपई, सत्तरी